‘घेउनी’तला ऱ्हस्व उकार

मी जळगावात मुद्रितशोधनाचे काम करतो. कृषी पुस्तिका, शाळांची मार्गदर्शके, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंक असे जे येईल ते वाचायचे, लाल शाईने चुका टिपायच्या आणि पानामागे ठरलेले पैसे घ्यायचे, असा हा व्यवसाय आहे. २०१६ च्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या कवितासंग्रहाची मुद्रिते माझ्याकडे आली, तेव्हा या कामात मला अकरा वर्षे झाली होती आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

संग्रहातल्या बहुतेक कविता वृत्तात बांधलेल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी त्याने काही फरक पडला असता असे वाटत नाही, कारण वृत्त ही दहावीच्या परीक्षेत दोन गुणांपुरती उपयोगी पडलेली आणि त्यानंतर विसरलेली गोष्ट होती. तिसऱ्या पानावर पुढील दोन ओळी होत्या :

दिवा घेउनी सांज दारात आली
जणू लेक सासूरवाशी निघाली

‘घेउनी’तला उकार मी दीर्घ केला आणि ‘सासूरवाशी’तला ऱ्हस्व केला. दोन ओळींत दोन चुका सापडल्याचे समाधानही झाले. पुढच्या पानांवर अशाच बावीस-तेवीस दुरुस्त्या केल्या, त्या अक्षरजुळणी करणाऱ्याने निमूटपणे उतरवल्या, घाईमुळे कवयित्रीला पुन्हा मुद्रिते दाखवण्याचे राहून गेले आणि सोळा पानांचा पहिला फर्मा पाचशे प्रतींचा छापून निघाला. चार दिवसांनी मला दूरध्वनी आला. “माझ्या कविता लंगड्या करणारे ते तुम्हीच का?” असा पहिलाच प्रश्न होता.

बाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. मी त्यांच्या घरी गेलो तो नियमांची पुस्तिका पिशवीत घालूनच गेलो, कारण वाद झाला तर दाखवायला आधार हवा होता. त्यांनी वाद घातला नाही. फर्म्यातली ती ओळ त्यांनी मला मोठ्याने वाचायला सांगितली आणि मग हस्तलिखितातली तीच ओळ वाचायला सांगितली. दोन्हींतला फरक मला कळला नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल केले. तेव्हा त्यांनी समोरच्या स्टुलावर बोटाने ठेका धरला आणि प्रत्येक अक्षर ठेक्यावर टाकत ओळ म्हटली : दि-वा-घे, उ-नी-सां, ज-दा-रा, त-आ-ली. प्रत्येक गटात एक अक्षर आखूड आणि दोन लांब होती. मग त्याच ठेक्यावर त्यांनी माझी दुरुस्त केलेली ओळ म्हटली. दुसऱ्या गटाच्या आरंभी जिथे आखूड अक्षर पडायला हवे होते तिथे ‘ऊ’ लांबला आणि त्यांचे बोट हवेत थांबले. ते थांबलेले बोट मला अजून दिसते. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे काहीसे मला झाले.

नंतर त्यांनी माझीच पुस्तिका मागून घेतली. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मी अकरा वर्षे वापरत होतो, परंतु त्यांत पद्याविषयी काही म्हटले आहे याकडे माझे लक्ष कधीच गेले नव्हते. वृत्ताचे बंधन पाळताना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम काटेकोरपणे पाळणे शक्य नसेल, तर कवीला तेवढ्यापुरते स्वातंत्र्य असावे, असे त्या नियमांतच सांगितले आहे. केशवसुतांच्या पूर्वीची कविता छापताना ती मुळाबरहुकूम छापावी, असेही त्यांत आहे. म्हणजे ज्या नियमावर बोट ठेवून मी चुका काढत होतो, त्याच नियमावलीने माझी चूक आधीच सांगून ठेवली होती. फर्मा पुन्हा छापला गेला आणि त्याचा कागद माझ्या पुढच्या बिलांतून वळता झाला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. उरलेल्या पानांची मुद्रिते मीच वाचावीत, मात्र त्याआधी वृत्त म्हणजे काय ते शिकावे, अशी अट बाईंनी घातली आणि दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागलो.

आरंभ लघु-गुरूपासून झाला. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघु आणि दीर्घ स्वराचे, तसेच ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, इथपर्यंत अडचण नव्हती. अनुस्वार असलेले अक्षर गुरू, हेही ध्यानात राहिले. जोडाक्षराने मात्र मला पंधरा दिवस छळले. जोडाक्षराच्या मागचे अक्षर गुरू होते, असा नियम मी वहीत लिहून घेतला आणि बाईंनी दिलेल्या समर्थांच्या ओळीवर तो लावून पाहिला :

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे

‘सज्जना’तला ‘स’ ऱ्हस्व दिसत असला तरी पुढच्या ‘ज्ज’चा आघात त्याच्यावर येतो म्हणून तो गुरू होतो आणि ‘भक्ति’तल्या ‘भ’चेही तसेच होते. म-ना-स, ज्ज-ना-भ, क्ति-पं-थे, चि-जा-वे : पुन्हा तेच एक आखूड आणि दोन लांब, चार वेळा. अशा तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. गण ओळखण्याच्या ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रातला हा ‘य’ गण, तो चार वेळा आला की भुजंगप्रयात वृत्त होते, आणि मनाचे श्लोक या वृत्तात आहेत. लहानपणी हे श्लोक मी शेकडो वेळा म्हटले होते. त्यांच्या आत असे काही यंत्र चालू आहे याची मला कल्पना नव्हती.

पण हाच नियम ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘मळ्यांची’ अशा शब्दांना लावला की हिशेब चुकत होता. ‘तुझ्या’तला ‘तु’ गुरू धरावा तर ओळीत एक मात्रा वाढते. बाईंनी वहीतला नियम खोडायला सांगितला नाही, तर शब्द उच्चारून पाहायला सांगितला. ‘सज्जन’ म्हणताना ‘स’वर जीभ अडते, ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर अडत नाही. आघात येतो तिथेच अक्षर जड होते, आणि मराठीत ‘झ्या’, ‘न्हा’, ‘ळ्या’ अशा जोडाक्षरांच्या मागे तो सहसा येत नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाला हा नियम उमगत नाही. त्यासाठी ओळ तोंडाने म्हणावी लागते. मुद्रितशोधकाचा सगळा जन्म डोळ्यांवर जातो, त्यामुळे मला हे अवघड गेले असावे.

मनाच्या श्लोकांतल्या पहिल्याच श्लोकात मला माझ्या दुसऱ्या दुरुस्तीचे उत्तर मिळाले. ‘गमूं पंथ आनंत या राघवाचा’ या ओळीत ‘अनंत’ नसून ‘आनंत’ आहे. ग-मूं-पं, थ-आ-नं, त-या-रा, घ-वा-चा. ‘अ’ ऱ्हस्व ठेवला तर दुसरा गण मोडतो, म्हणून समर्थांनी तो ओढून लांब केला आहे. ‘सासूरवाशी’तला ‘सू’ याच कारणाने दीर्घ होता. ही ओळ माझ्या आजीच्या तोंडी ‘आनंत’ अशीच होती आणि ती अशिक्षित असल्यामुळे तसे म्हणते, असे मी लहानपणी मानले होते.

पुढच्या रविवारी बाईंनी बालकवींची ‘औदुंबर’ समोर ठेवली. बालकवी आमच्याच जिल्ह्यातले. धरणगावला १८९० साली जन्मले आणि १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. जळगावकडून भुसावळला जाताना हे स्थानक लागते. कविता आठच ओळींची आहे आणि ती मला पाठ होती. तरीही पहिल्या ओळीचा शेवट ‘हिरवाळी घेउन’ असा आहे, ‘घेऊन’ असा नाही, हे मी तोपर्यंत पाहिलेच नव्हते. म्हणजे माझ्या लाल शाईचा पहिला बळी ठरलेला उकार इथेही होता. ही रचना गणांची नसून मात्रांची आहे : लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘ऐल तटावर पैल तटावर’ याच्या सोळा होतात, ‘हिरवाळी घेउन’ याच्या दहा, आणि ओळीच्या शेवटचे अक्षर लांबवून म्हटले की अकरा. ‘चार घरांचे गाव चिमुकले’ सोळा, ‘पैल टेकडीकडे’ अकरा. ‘शेतमळ्यांची दाट लागली’ याच्याही सोळाच होतात, मात्र ‘म’ लघु धरला तरच.

मग बाईंनी विचारले, “यात अलंकार कुठे आहेत ते दाखवा.” मी अनुप्रास दाखवला, ‘निळासावळा’, ‘अडवीतिडवी’ दाखवले, पण उपमा शोधत राहिलो आणि ती सापडली नाही. सात ओळी कवी केवळ पाहतो आहे : हिरवे कुरण, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. तुलना नाही, ‘जसा’ नाही, ‘जणू’ नाही. वाट गावातून निघून शेतांमधून, कुरणातून डोहाकडे उतरत जाते, तिच्यामागे आपली नजर जाते आणि रंग गडद होत होत काळ्यावर येऊन थांबतो. आठव्या ओळीत मात्र ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ असे येते आणि त्या एका ‘बसला’ने झाड माणूस होते. हा चेतनगुणोक्ती अलंकार, हे नाव मला शाळेपासून माहीत होते. तो आठ ओळींत एकदाच आणि सर्वांत शेवटी का येतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आधीच्या ओळींत झऱ्याला किंवा वाटेला माणसाचे गुण चिकटवले असते तर औदुंबराचे ते बसणे इतके उठून दिसले नसते. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची व्याख्या करताना शब्दार्थ दोषरहित आणि गुणयुक्त असावेत, पण क्वचित ते अलंकाराविना असले तरी चालतील, अशा अर्थाचे ‘अनलंकृती पुनः क्वापि’ हे शब्द घातले आहेत. बाईंनी ते मला त्या दिवशी लिहून दिले. शाळेत आम्हांला कवितेतून अलंकार वेचून काढायला शिकवले होते, भाजीतून कढीपत्ता काढावा तसे. ज्या कवितेत वेचण्यासारखे कमी, तिच्यावर प्रश्नही कमी येत.

अलंकारांच्या नावांची मला धास्ती नव्हती. उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साम्यवाचक शब्द हे उपमेचे चार घटक मी झोपेतही सांगू शकलो असतो. ‘जसा’, ‘सम’, ‘परी’ दिसले की उपमा आणि ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, असा आमचा शाळकरी तोडगा होता आणि तो परीक्षेत बहुधा लागू पडत असे. बाईंनी आपल्याच ओळीत ‘जणू’च्या जागी ‘जशी’ घालून मला वाचायला सांगितले : ‘जशी लेक सासूरवाशी निघाली’. गण तोच राहतो, ठेका कुठेही मोडत नाही; मग बिघडले काय? बराच वेळ विचार करून मी सांगितले की, ‘जशी’ म्हटले की सांज एकीकडे उभी राहते आणि लेक दुसरीकडे, आणि आपण दोघींची तुलना करतो. ‘जणू’ म्हटले की दारात आलेली ती सांज आहे की लेक, असा आपल्याला क्षणभर संशय येतो. बाई एवढेच म्हणाल्या, “आता हीच गोष्ट पुढे न्या.” तेव्हा माझ्या लक्षात आले की मी स्वतंत्र कप्प्यांत पाठ केलेले अलंकार एकाच रस्त्यावरची ठिकाणे आहेत. सांज लेकीसारखी आहे, ही उपमा. ती लेकच असावी असे वाटते, ही उत्प्रेक्षा. सांज ही लेकच आहे, हे रूपक. ही सांज नव्हेच, ही तर लेक, ही अपन्हुती. आणि उपमानाला मागे टाकून उपमेय पुढे गेले की व्यतिरेक. त्याचे उदाहरण बाईंनी ज्ञानेश्वरीतून दिले :

माझा मऱ्हाटाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

अमृतासारखी गोड भाषा असे ज्ञानदेव म्हणत नाहीत; पैज लावून अमृताला हरवणारी अक्षरे मी जुळवीन, असे म्हणतात. पहिल्या तीन चरणांना यमक आहे आणि चौथा चरण आखूड व यमकाविना आहे, हे ओवीचे रूपही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिले. तीन चरण ‘कें’ने बांधून घेतल्यावर ‘मेळवीन’ हा शब्द एकटा उरतो आणि त्याच्यात प्रतिज्ञेचा ठामपणा येतो.

सगळेच प्रश्न असे सुटले नाहीत. ‘न हे नयन, पाकळ्या उमलल्या सरोजातिल, न हे वदन, चंद्रमा शरदिचा गमे केवळ’ या ओळी पाठ्यपुस्तकांतून अपन्हुतीचे उदाहरण म्हणून फिरत आल्या आहेत. पहिल्या ओळीबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या ओळीत ‘न हे’ आहे आणि ‘गमे’ही आहे, वदन नाकारलेही आहे आणि चंद्र केवळ ‘वाटतो’ आहे. मी तिला अर्धी उत्प्रेक्षा म्हणत होतो, बाईंच्या मते नकार आला की प्रश्न मिटला. आमचे यावर एकमत झाले नाही आणि माझे मत मी आजही सोडलेले नाही.

श्लेषाचा धडा मात्र खास माझ्या धंद्याचा निघाला. ‘औषध नलगे मजला’ असे दमयंती म्हणते आणि आई बरे म्हणून मान डोलावते. आईला ऐकू येते ते ‘औषध न लगे मजला’, मला औषध नको. लेकीच्या मनात असते ते ‘औषध नल गे मजला’, माझे औषध नल आहे, गे आई. सगळी गंमत ‘नलगे’ हा शब्द सलग छापण्यात आहे. माझ्यासारख्याने तिथे शब्द तोडण्याची खूण केली असती, आणि कुठेही तोडला असता तरी दोहोंपैकी एक अर्थ मेला असता. मी बाईंना तसे सांगितले तेव्हा त्या खूप हसल्या.

अक्षरछंदाकडे आम्ही उशिरा वळलो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे : ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां’. इथे लघु-गुरूचा हिशेब नाही, केवळ अक्षरे मोजायची. ते इतके सोपे वाटले की मी बोटांवर मोजत सुटलो. आणि तेव्हाच बाईंनी आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओळी पुढे केल्या :

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर

“यात ‘मियते’चे ‘मिळते’ करा आणि काय बिघडते ते सांगा.” मी मोजले. चरण आठ अक्षरांचे, ‘मियते’ तीन अक्षरी, ‘मिळते’ही तीन अक्षरी, काहीच बिघडत नव्हते. ‘घेउनी’च्या प्रसंगानंतर प्रत्येक वाकड्या शब्दामागे वृत्त शोधण्याची सवय मला लागली होती आणि ती इथे उपयोगी पडेना. मग ओळी दोन्ही प्रकारे म्हणून पाहिल्या. ‘मिळते’ म्हटले की बोलणारी बाई चुलीपुढून उठून जाते. ‘ळ’चा ‘य’ करणारी आमच्या भागातली बोली त्या भाकरीला चिकटलेली आहे. शिवाय तव्याची उपमा ‘जसा’वर संपत नाही, पुढच्या ओळीत हात भाजतो आणि मग भाकरी हाती येते, म्हणजे साधर्म्य सांगून न टाकता घडवून दाखवले आहे, आणि ते घडवणारी व्यक्ती त्याच बोलीत बोलणार. इथे शब्द वाचवायचा तो वृत्तासाठी नव्हता. बाई त्याला शैली म्हणत आणि तिचे सूत्र मात्र त्यांनी मला कधी दिले नाही.

डिसेंबरात उरलेली मुद्रिते आली. या वेळी मी प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने लघूसाठी अर्धचंद्र आणि गुरूसाठी आडवी रेघ काढत गेलो, त्यामुळे रोजच्या वेगाच्या चौथ्या हिश्श्यानेही काम होईना. एकाहत्तराव्या पानावर भुजंगप्रयातातली एक ओळ अशी होती : ‘पुन्हा अंगणात कोण येईल आता’. पु-न्हा-अं बरोबर होते. पुढे ग-णा-त येत होते आणि ओळीत बाराऐवजी तेरा अक्षरे भरत होती. ‘पु’ लघुच धरला होता, तेव्हा चूक माझ्या मोजण्यात नव्हती. अक्षरजुळणीत गडबड झाली असावी म्हणून हस्तलिखित काढले, तर तिथेही ‘अंगणात’ असेच होते. सहा महिन्यांपूर्वी मला यात काहीही खटकले नसते. आता लाल शाईने दुरुस्ती करण्याचा धीर होईना, म्हणून समासात फक्त प्रश्नचिन्ह काढले आणि पान घेऊन बाईंकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावला, स्टुलावर बोट टेकवून ओळ म्हटली, अडल्या, आणि पुन्हा म्हटली. “अहो, तीस वर्षं मी ही चालीवर गात आले,” त्या म्हणाल्या, “आणि तीस वर्षं एक अक्षर गिळत आले.” गाताना ‘अंगणात’ मधला ‘त’ त्यांच्या तोंडून निघतच नव्हता आणि कागदावर तो तसाच उभा होता. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग माझ्याच हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी ‘अंगणात’मधला ‘त’ खोडला, ‘णा’चा काना खोडून त्याला दीर्घ ईकार दिला, ‘पुन्हा अंगणी कोण येईल आता’ अशी ओळ ठेक्यावर दोनदा म्हणून पाहिली आणि पान माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “आता लाल शाईने करा. ही मात्र तुमची दुरुस्ती.”